गारगोटीची नावनिशी

नवीन जालन्याची बाजारपेठ मागे टाकून कोणत्याही रस्त्याने शहराबाहेर पडलं, की थोड्याच वेळात खडी क्रशरचा आवाज कानावर येऊ लागतो. रस्ते, पूल आणि घरांसाठी इथला काळा पाषाण फोडला जातो. सुरुंग उडतो, धूळ बसते, पोकलेन पुढे सरकतं. बहुतेक वेळा निघतो तो सलग, घट्ट, काळा दगड. पण मधूनच एखादा असा थर लागतो, की त्यात भोकंच भोकं असतात. काही भोकं वाटाण्याएवढी, काहींत मूठ मावते, आणि क्वचित एखादीत माणसाचं अर्धं अंग आत जातं. विहिरी खोदणारे अशा सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात. पोकळीत हात घातला की आधी ओली माती लागते आणि मातीच्या आड बोटांना टोकं टोचतात.

खदानीवर या सगळ्याला एकच नाव आहे : गारगोटी. पांढरी असो, हिरवट असो, सुईसारखी असो की चौकोनी, ती गारगोटीच. हे नाव चुकीचं नाही. खडी पाडणाऱ्याला हवा असतो घट्ट पाषाण, आणि त्यात न बसणारं जे काही चकाकतं ते वेगळं काढायला एवढा एक शब्द पुरतो. सिन्नरला खनिजांचं खासगी संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा त्यालाही ‘गारगोटी’ हेच नाव दिलं गेलं.

खनिज ओळखणाऱ्याचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. छिन्नी-हातोडीने तुकडा सोडवायचा, मऊ ब्रशने आणि पाण्याने धुवायचा, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावायचं. फिकट गुलाबी किंवा पांढऱ्या स्फटिकांची, मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखी जुडी दिसली तर ते बहुधा स्टिलबाइट. चौकोनी खांब, वर निमुळतं टोक किंवा सपाट माथा आणि त्या माथ्यावर मोत्याची झाक असेल, तर अपोफिलाइट. विरळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. चाकूने ओरखडा उठला नाही तर क्वार्ट्ज. पुष्कळ नावं याच टप्प्यावर ठरतात, आणि पुष्कळ इथेच चुकतात.

या पोकळ्यांची गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू होते. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. नंतर कोमट-गरम पाणी खडकात फिरत राहिलं, त्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका, अॅल्युमिनियम विरघळवून नेलं आणि त्या रिकाम्या जागांत हळूहळू स्फटिक वाढवले. वाढायला जागा मोकळी होती, म्हणून त्यांचे पैलू पूर्ण उतरले. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत झिओलाइट या खनिजकुळाच्या कपाटासमोर उभं राहिलं, तर महाराष्ट्राचं नाव टाळता येत नाही. जालना, जळगाव, नाशिक, पुणे ही गावं परदेशी संग्राहकांना त्यामुळेच ठाऊक आहेत.

पण या स्फटिकांची नावं इथली नाहीत.

‘झिओलाइट’ हे कुळाचं नाव स्वीडनच्या आक्सेल फ्रेड्रिक क्रोन्स्टेड्ट यांनी 1756 मध्ये दिलं. त्यांचं हत्यार होतं फुंकणी. आजही सराफ्यात डाग देताना कारागीर ज्योत फुंकून सोन्यावर वळवतो, तीच पद्धत. कोळशावर खनिजाचा कण ठेवायचा, ज्योतीची धार त्यावर सोडायची आणि काय होतं ते पाहायचं. क्रोन्स्टेड्ट यांच्या समोरचा कण उकळल्यासारखा फुगून फेसाळला. ग्रीक भाषेतल्या ‘उकळणं’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून त्यांनी नाव बांधलं. या खनिजांच्या स्फटिकांत सूक्ष्म पोकळ मार्ग असतात, त्यांत पाणी धरलेलं असतं आणि उष्णतेने ते बाहेर पडतं, हे कारण पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे नाव आधी आलं, समज मागाहून.

फुंकणीच्या त्या काळाने आणखी बरीच नावं दिली. तापवल्यावर पापुद्रे सुटतात म्हणून फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रने-जुस्त आउई यांनी 1806 मध्ये अपोफिलाइट हे नाव ठेवलं; त्यात ग्रीक ‘पान’ दडलेलं आहे. स्कोलेसाइटच्या सुया तापल्या की अळीसारख्या वळतात, म्हणून त्याच्या नावात अळी आली. मेसोलाइटची घडण नॅट्रोलाइट आणि स्कोलेसाइट यांच्या मधली, म्हणून नावात ‘मधला’. ही नावं चांगली आहेत. नाव ऐकलं की दगडाचं काय करून पाहायचं हेही कळतं. माणसांच्या नावांत ती सोय नसते.

माणसांची नावं देण्याची प्रथा मात्र फार लवकर रुळली. केप ऑफ गुड होप इथून हिरवट खनिज युरोपात आणणाऱ्या कर्नल प्रेन यांच्यावरून अब्राहम वेर्नर यांनी 1788 मध्ये ‘प्रेनाइट’ हे नाव दिलं. व्यक्तीच्या नावावरून खनिजाला नाव देण्याचं पहिलं उदाहरण म्हणून सहसा त्याचाच उल्लेख होतो. पुण्या-मुंबईकडच्या खदानींत कापसाच्या बोंडासारखे पांढरेशुभ्र गोळे मिळतात, त्या ओकेनाइटच्या नावात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन आहेत. आणि जालन्याच्या पोकळ्यांत स्टिलबाइटच्या शेजारी बसलेलं ह्यूलँडाइट हे लंडनचे खनिज-व्यापारी ह्यूलँड यांच्या नावाने ओळखलं जातं.

ह्यूलँडाइटची हकीकत इथे थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट एकच समजले जात होते. दोन्ही झिओलाइट, दोन्हींवर मोत्याची झाक, दोन्ही एकाच पोकळीत. हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज स्फटिक-अभ्यासकाने पैलूंमधले कोन मोजले, ते जुळेनात, आणि 1822 मध्ये त्याने दुसऱ्या खनिजाला वेगळं नाव दिलं. तो निर्णय आजही टिकून आहे.

याच ब्रुकने 1831 मध्ये पुण्याकडून आलेल्या सुईदार पांढऱ्या खनिजाला ‘पूनाहलाइट’ असं नाव दिलं. मराठी मुलखातल्या एका गावाचं नाव खनिजाच्या यादीत चढलं. पण ते टिकलं नाही. पुढच्या तपासणीत ते आधीच माहीत असलेल्या सुईदार झिओलाइटांपैकीच एक निघालं आणि पूनाहलाइट जुन्या ग्रंथांच्या तळटीपांत गेलं. मोजणाऱ्याचा हात तोच, चिकाटी तीच. एक नाव खरं ठरलं, दुसरं नाही.

विदर्भाच्या वाट्यालाही असंच आलं. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर भूशास्त्राचे उत्साही अभ्यासक होते. नागपूरजवळच्या टाकळीच्या हिरव्यागार कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ आणि तिथल्या एका मातीसारख्या पदार्थाला ‘हंटेराइट’ अशी नावं सॅम्युएल हॉटन यांनी 1859 मध्ये दिली. हिरवा रंग कॅल्साइटमध्ये मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाचा होता, त्यामुळे हिस्लोपाइट स्वतंत्र खनिज म्हणून उरलं नाही, हंटेराइटही नाही. हिस्लॉप यांचं नाव नागपुरात कॉलेजच्या पाटीवर आहे, खनिजांच्या यादीत नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून पोलाद होतं, त्यात मँगनीज घालावं लागतं. त्या मँगनीजचा महाराष्ट्रातला पट्टा नागपूर-भंडाऱ्यात आहे, आणि तिथे तर नावांचं पीकच आलं होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी 1909 मध्ये भारताच्या मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्या काळात त्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीवरून ‘बेलडोंग्राइट’ हे नाव दिलं, छिंदवाड्याच्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’. काचरवाहीच्या खनिजांना ब्लॅनफर्ड आणि जड या भूशास्त्रज्ञांची नावं मिळाली. पुढे एक्स-किरणांचं तंत्र आलं आणि ही नावं एकेक करून गळाली. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच सापडलेलं बिक्सबाइट निघालं. सहकारी व्रेडेनबर्ग यांच्या नावाचं ‘व्रेडेनबर्गाइट’ हे दोन खनिजांचं एकमेकांत गुंतलेलं मिश्रण ठरलं. तुमसरहून रेल्वेचा फाटा जातो त्या तिरोडीचं नाव 1938 मध्ये ‘तिरोडाइट’मध्ये आलं आणि 1997 मध्ये अॅम्फिबोल गटाची फेरमांडणी झाली तेव्हा रद्द झालं. फर्मोर यांच्या नावांपैकी झाबुआच्या काजलीडोंगरीचं ‘हॉलंडाइट’ मात्र खणखणीत टिकलं. त्या नावात गाव नाही, सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड आहेत.

यात फर्मोर यांचा कमीपणा नाही. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक होता, रासायनिक पृथक्करण होतं आणि दांडगं निरीक्षण होतं. स्फटिकाच्या आत अणू कसे रचलेले आहेत हे पाहण्याचं साधनच त्यांच्या काळात नव्हतं.

ही अणूंची रचना किती महत्त्वाची, हे पुण्याजवळच्या वाघोलीने दाखवून दिलं. तिथल्या खदानीतल्या झगझगीत निळ्या कॅव्हन्साइटच्या नावात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं गुंफलेली आहेत. त्याच तीन घटकांचं, त्याच प्रमाणातलं दुसरं निळं खनिजही आहे, पण त्याच्या अणूंची मांडणी निराळी. त्याचे जुळे स्फटिक पंचकोनी दिसतात, म्हणून ते पेंटॅगोनाइट. वाघोलीइतकं सुंदर कॅव्हन्साइट जगात कुठे मिळत नाही. तरी दोन्हींचा पहिला शोध अमेरिकेतल्या ओरेगनचा आणि 1973 चं अधिकृत वर्णनही तिथल्याच नमुन्यांवरचं. पहिलं वर्णन ज्या जागेच्या नमुन्याचं, तीच मूळ जागा. सौंदर्याला तिथे मत नाही.

मांडणीच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण जालन्याहून मंठ्यामार्गे गेल्यावर भेटतं. लोणारला अशनी आदळला तेव्हा बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची आघाताने काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. हे नाव 1872 मध्ये गुस्टाव चेर्माक यांनी बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या अशनीतल्या अशाच पदार्थाला दिलं होतं. नाव अजून वापरात आहे, पण काचेत अणूंची शिस्तबद्ध रचना नसल्यामुळे खनिजांच्या अधिकृत यादीत त्याला जागा नाही.

ही यादी ठेवतं कोण? आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेने 1959 मध्ये यासाठी आयोग नेमला. आज नवं खनिज सापडल्याचा दावा करणाऱ्याला तिथे प्रस्ताव द्यावा लागतो. रासायनिक घटक, एक्स-किरण विवर्तन, प्रकाशीय गुणधर्म, काठिण्य, घनता, सापडल्याची जागा, शेजारची खनिजं आणि आधीच्या खनिजांहून फरक काय, हे सगळं द्यायचं. नमुना एखाद्या संग्रहालयात कायमचा ठेवायचा. मग देशोदेशीचे सदस्य मतदान करतात. निम्म्याहून जास्त सदस्यांनी मत द्यावं लागतं आणि त्यांतली दोन तृतीयांश मतं बाजूने हवीत. मंजुरीनंतर दोन वर्षांत शोध प्रसिद्ध केला नाही तर मंजुरी जाते. स्वतःचं नाव देता येत नाही, हयात व्यक्तीची परवानगी लागते. आणि आपल्यासाठी जिव्हाळ्याचा नियम असा, की गावाचं नाव द्यायचं तर त्या गावात ते जसं लिहितात-बोलतात तसंच घ्यायचं. ‘पूनाह’ आज चाललं नसतं.

यादीत चढलेलं नावही कायमचं नसतं. 1978 पासून अपोफिलाइटचे रासायनिक घटकांनुसार भाग पडले. आपल्याकडचं बहुतेक ‘फ्लोरअपोफिलाइट’ झालं. 2008 मध्ये नावं सुटसुटीत करण्याच्या मोहिमेत तो उपसर्ग काढून शेवटी रासायनिक चिन्हं जोडली गेली. संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी कुरकुर केली, आणि 2013 मध्ये फ्लोरअपोफिलाइट परत आलं, फक्त पोटॅशियमची खूण शेपटाला लावून. जालन्याच्या पोकळीतला तोच स्फटिक पस्तीस वर्षांत तीन नावांनी फिरला. जुनं नाव सांभाळण्याचा हा निर्णय योग्यच होता. दोनशे वर्षांचे ग्रंथ, चिठ्ठ्या आणि संग्रह एका फटक्यात परके करण्यात शहाणपण नाही.

नाव बदललं तरी नमुना शोधता येतो. जागा हरवली तर मात्र नमुना निम्मा वाया जातो. दुखणं आहे ते इथेच. जुन्या चिठ्ठ्यांवर दख्खनच्या कुठल्याही झिओलाइटसाठी ‘पूना’ लिहिलेलं आढळतं, नंतरच्या काळात ‘जळगाव’. खदान गुपित ठेवण्यात व्यापाऱ्याचा फायदा असतो, त्यामुळे गाव मोघम राहतं. जालन्याची अडचण आणखी वेगळी. 1 मे 1981 पर्यंत जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता, आणि परतूर परभणीचा. त्या आधीच्या चिठ्ठीवर तीच खदान ‘औरंगाबाद’ म्हणून नोंदलेली असू शकते, आणि आता त्या जिल्ह्याचं नावही बदललं आहे. खदान तर दर वर्षी पुढे सरकते, जुना दर्शनी कातळ फुटून रस्त्याखाली जातो. मग कागदावर जे असेल तेवढंच उरतं.

म्हणून जालन्याच्या परिसरात विहिरीत, शेततळ्यात किंवा रस्त्याच्या खोदकामात अशी पोकळी उघडली, तर दगडाचं नाव लगेच कळलं नाही तरी अडत नाही; ते प्रयोगशाळेत कधीही लावता येईल. पण गावाचं नाव, गट नंबर, किती फुटांवर लागलं आणि तारीख एवढं मराठीतच एका चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी त्या दगडासोबतच ठेवा, आणि जमलं तर एक तुकडा चिठ्ठीसह जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात द्या.