फेरमोजणी मागायची कुठे, कधी आणि कशाच्या जोरावर

तेलंगणातल्या भैंसा मंडलात ग्रामपंचायतींची निवडणूक अजून कागदी मतपत्रिकेवर होते. सकाळी 7 ते दुपारी 1 मतदान, जेवणं उरकली की 2 वाजल्यापासून मोजणी, आणि शेवटचा गठ्ठा संपला की सरपंच ठरलेला. दोन-चार मतांनी हरलेला उमेदवार त्याच रात्री म्हणतो, "उद्याच कोर्टात जातो, पेट्या परत उघडायला लावतो." हे वाटतं तितकं सोपं नाही. का नाही, ते मोजणीच्या आधी समजून घेतलेलं बरं. नंतर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आधी विधानसभा-लोकसभेचं पाहू. भैंसा ज्या मुधोळ मतदारसंघात येतं तिथे आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या भोकरमध्ये कायदा एकच, 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा. एकीकडची याचिका हैदराबादच्या उच्च न्यायालयात जाते, दुसरीकडची औरंगाबाद खंडपीठात, एवढाच फरक. पण फेरमोजणीचा पहिला अधिकार न्यायालयाचा नाहीच. तो मोजणीच्या दालनातल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्याआधी, या अगदी थोड्या वेळात उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणांसह लेखी अर्ज द्यायचा. अधिकारी तो मान्य करील किंवा फेटाळील, पण कारण लिहून. एकदा निकाल घोषित झाला की ही वाट बंद.

त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका. घटनेच्या कलम 329 मुळे निवडणुकीला आव्हान फक्त याच मार्गाने देता येतं. मुदत निकालापासून 45 दिवस, अनामत 2,000 रुपये. ही मुदत चुकली तर बाजू कितीही खरी असो, ऐकून घेतली जात नाही.

मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचं उदाहरण घ्या. 4 जून 2024 ला यंत्रांवरची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत मात्र वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501 मिळाली. प्रत्येकी साडेचार लाखांवर मतं पडलेल्या लढतीत वायकर 48 मतांनी विजयी. बाद ठरवलेली टपाली मतं तिथल्या तिथे पुन्हा तपासली गेली. फेरमोजणीचा अर्ज वेळेत आला की नाही, यावरूनही वाद झाला. कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेतला एक मोठा मुद्दा टेंडर मतांचा होता. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका देतात, ते टेंडर मत.

डिसेंबर 2024 मध्ये न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी याचिका सुरुवातीलाच फेटाळली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 83 प्रमाणे याचिकेत ठोस तथ्यं हवीत: कोणत्या केंद्रावर, कोणतं मत चुकीचं धरलं, आणि त्यामुळे निकाल बदलला कसा. तेवढं याचिकेत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. फरक फक्त 48 मतांचा आहे, एवढ्यावर भागलं नाही.

सामान्य माणसाला हे कठोर वाटतं. मलाही वाटतं, 48 मतांसाठी पुन्हा मोजायला काय हरकत होती? पण सर्वोच्च न्यायालय 1964 च्या रामसेवक यादव प्रकरणापासून एकच गोष्ट सांगत आलंय: मतपेटी उघडणं म्हणजे मताच्या गुप्ततेला हात लावणं. "उघडा, मग काहीतरी सापडेल" असं म्हणता येणार नाही. आधी काय चुकलं ते दाखवा, मग उघडू. नाहीतर प्रत्येक हरलेला उमेदवार दारात उभा राहील आणि कुठलाच निकाल पक्का राहणार नाही. यात तथ्य आहे.

मला खरा दोष दिसतो तो वेळेचा. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच सांगतो. आपल्याच तेलंगणातल्या धर्मपुरीत 2018 च्या विधानसभेला कोप्पुला ईश्वर 441 मतांनी निवडून आले आणि हरलेल्या अडलूरी लक्ष्मणकुमार यांनी हायकोर्टात आव्हान दिलं. कागदपत्रं मिळवायला स्ट्राँगरूम उघडायची वेळ आली ती एप्रिल 2023 मध्ये, आणि तेव्हा किल्ल्याच सापडेनात. शेवटी कोर्टाच्या परवानगीने कुलपं फोडावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढची निवडणूक झालीसुद्धा.

गावपातळीवर कायदा वेगळा आहे. सीमेपलीकडे, नांदेडकडच्या गावात निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे, कनिष्ठ स्तराच्या कोर्टात, अर्ज करावा लागतो. आपल्याकडे निवडणूक न्यायाधिकरणाकडे. पण पुरावा तसाच लागतो, आणि तो मोजणीच्या टेबलावरच तयार होतो. संशयित मतपत्रिकेवर तिथल्या तिथे हरकत, तिची नोंद, प्रत्येक बूथचा सहीचा हिशोब हातात. विधानसभेला हाच कागद म्हणजे फॉर्म 17-सी: केंद्रावर एकूण किती मतं पडली ते त्यात लिहिलेलं असतं, आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळवून पाहायचा असतो.

ठोस चूक दाखवता आली तर काय होतं, ते हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाने दाखवलं. 2 नोव्हेंबर 2022 ला सरपंचपदाची निवडणूक झाली. आधी कुलदीप सिंह विजयी घोषित झाले, मोहित कुमार हरले. पण बूथ क्रमांक 69 वर दोघांच्या मतांचे आकडे उलटसुलट लिहिले गेल्याची तक्रार होती. नेमका बूथ, नेमकी चूक. न्यायाधिकरणाने त्या बूथच्या फेरमोजणीचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि 31 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच नव्हे, सगळ्या बूथची यंत्रं दिल्लीला मागवली. 6 ऑगस्टला न्यायालयाच्याच निबंधकांनी दोन्ही बाजूंसमोर, कॅमेरा लावून मोजणी केली. एकूण 3,767 मतं. मोहित कुमार 1,051, कुलदीप सिंह 1,000. पाच दिवसांनी आदेश निघाला: मोहित यांना सरपंच घोषित करा. बाकीचे मुद्दे न्यायाधिकरणापुढे मांडायची मुभा दोघांनाही ठेवली, पण मोजणीचा हा आकडा न्यायाधिकरणाने अंतिम मानायचा.