वारणाकाठचा सीमाप्रांत

पेठ वडगावचा परिसर वारणा आणि पंचगंगा यांच्या दुआबात, म्हणजे दोन नद्यांमधील सुपीक पट्ट्यात मोडतो. बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहारांकडे असलेला हा मुलूख दुसऱ्या भोजाचा पराभव करून देवगिरीच्या सिंघण यादवाने जिंकला आणि पुढे तो बहमनी व आदिलशाही अमलाखाली गेला. शिवाजी महाराजांनी १६५९ मध्ये पन्हाळा घेतल्यापासून मात्र मराठे, आदिलशाही आणि मोगल यांच्यात त्यासाठी झगडा चालू राहिला. सेनापती धनाजी जाधव यांचे १७०८ मध्ये वडगाव येथेच निधन झाले.

छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या वारणेच्या तहाने ही नदी सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील सीमा ठरली. त्याच तहाच्या एका कलमान्वये वडगावचे ठाणे, म्हणजे आसपासच्या मुलखावर वचक ठेवणारे लष्करी ठिकाण, पाडून टाकायचे होते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तरी वारणेचे पात्र काही अंतरापर्यंत आजही सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द आहे.