उसना वेग, स्वतःचा ठेका

जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये फरशीत बसवलेल्या शिळांवर ‘सेपुल्तुरा’ हा पोर्तुगीज शब्द कोरलेला दिसतो. अर्थ, थडगं. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातल्या मॅक्स आणि इगोर कॅव्हलेरा या दोन किशोरवयीन भावांनी १९८४ साली आपल्या मेटल बँडला हेच नाव दिलं. मोटरहेड या बँडच्या एका गाण्याचा पोर्तुगीज अर्थ लावताना मॅक्सला हा शब्द सापडला होता. चाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, बँडच्या निरोपाच्या दौऱ्याची सुरुवात याच शहरातून झाली. या प्रवासाकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. सेपुल्तुराने वेग बाहेरून घेतला, ठेका मात्र त्यांना आपल्याच मातीत सापडला.

सुरुवात कठीण होती. वडील इटलीच्या वकिलातीत नोकरीला होते. मॅक्स नऊ वर्षांचा असताना ते गेले आणि घरची घडी विस्कटली. देशात १९६४पासून लष्करी राजवट होती, ती १९८५ मध्ये संपली. त्याच वर्षी शहरातल्या कोगुमेलो या रेकॉर्डच्या दुकानाने आपल्याच नावाने ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली आणि सेपुल्तुराची पहिली गाणी दुसऱ्या एका स्थानिक बँडच्या जोडीने एकाच तबकडीवर आली. १९८६च्या ‘मॉर्बिड व्हिजन्स’ या अल्बममध्ये तर गिटारी नीट सुरात लावलेल्याही नाहीत. सैतान, नरक, मृत्यू हे विषय इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडकडून घेतलेले, भाषाही जेमतेम येणारी इंग्रजी. पण त्या आवाजातली तळमळ अस्सल होती.

१९८७ मध्ये गिटारवादक आंद्रेआस किसर आला आणि वादनाला शिस्त आली. थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकाराचं सगळं बळ उजव्या हातात असतं. तळहाताच्या कडेने तारा दाबून, एकही ठोका न सांडता, द्रुत लयीत मिनिटामागून मिनिटं वाजवत राहायचं आणि खाली ड्रमरने दोन्ही पायांनी बेस ड्रम चालू ठेवायचा. डिसेंबर १९८८ मध्ये रिओच्या एका स्टुडिओत, रात्री जागून, अमेरिकन निर्माता स्कॉट बर्न्ससोबत ‘बिनीथ द रिमेन्स’ ध्वनिमुद्रित झाला. १९८९ मध्ये तो आला तेव्हा ब्राझीलचा बँड कुणाच्याही तोडीस तोड वाजवू शकतो हे जगाला कळलं. १९९१ मध्ये ‘अराइज’ आला आणि त्याच वर्षी ते ‘रॉक इन रिओ’साठी माराकाना स्टेडियममध्ये वाजवायला उभे राहिले.

अनेक बँड इथेच थांबतात. जमलेलं सूत्र पुन्हा पुन्हा वाजवतात. सेपुल्तुराने लय उतरवली. १९९३च्या ‘केऑस ए.डी.’ची सुरुवात मॅक्सच्या जन्माला यायच्या मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि त्यातूनच इगोरचे ड्रम उचल घेतात. सैतान मागे पडला. त्याची जागा साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगाने घेतली. तिथे ऑक्टोबर १९९२ मध्ये पोलिसांच्या कारवाईत १११ कैदी मारले गेले होते. जमिनीसाठी झगडणाऱ्या कायोवा आदिवासींच्या नावाने एक रचना आली, तीही शब्दांवाचून, साध्या गिटारी आणि तालवाद्यांवर.

मग १९९६चा ‘रूट्स’. त्यासाठी बँड मातो ग्रोसोमधल्या शावांते आदिवासींच्या गावी गेला, त्यांच्यात बसला आणि त्यांच्या सामूहिक गायनासोबत ‘इत्सारी’ ध्वनिमुद्रित केलं. शावांते भाषेत इत्सारी म्हणजे मुळं. बाहिया प्रांताचा तालवादक कार्लिन्होस ब्राउन आला. जंगल वाचवताना १९८८ मध्ये खून झालेल्या चिको मेंडेस या रबर-कामगाराची आठवण एका गाण्यात आली. तारा खूप खालच्या सुरात उतरवलेल्या, आणि त्या जडपणाखाली रस्त्यावरच्या मिरवणुकीचा झुलता ठेका. थ्रॅशच्या काही जुन्या चाहत्यांना हा वेगाचा त्याग वाटला. मला ती या बँडची सर्वांत धाडसी आणि सर्वांत खरी निर्मिती वाटते. इतका अस्सल ब्राझिलियन आवाज मेटलमध्ये त्याआधी कुणी आणला नव्हता.

आणि त्याच वर्षी घर फुटलं. ऑगस्टमध्ये मॅक्सचा सावत्र मुलगा अपघातात गेला. मॅक्सची पत्नी ग्लोरिया हीच बँडची व्यवस्थापक होती. १६ डिसेंबरला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतला कार्यक्रम संपल्यावर इगोरसह इतर तिघांनी तिचा करार पुढे न नेण्याचा निर्णय सांगितला. मॅक्स बाहेर पडला. भावाभावांत अबोला धरला गेला, तो दहा वर्षं टिकला.

पुढच्या काळाकडे लोक फार घाईने बघतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन गायक म्हणून आला आणि १९९८च्या ‘अगेन्स्ट’मध्ये जपानच्या कोडो या ढोलवादक पथकाची साथ घेतली गेली. २००६ मध्ये दान्तेच्या महाकाव्यावर अल्बम आला. त्याच वर्षी इगोरही बाहेर पडला आणि बँडमध्ये एकही कॅव्हलेरा उरला नाही. पुढे दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाजवू लागले, पण आपल्या वेगळ्या बँडमध्ये. इकडे तरुण ड्रमर एलॉय कासाग्रांजीने नवी ताकद आणली. २०२०चा ‘क्वाड्रा’ ऐकला की हा बँड जुन्या पुण्याईवर जगत होता असं म्हणवत नाही. मॅक्स बारा वर्षं गायला. निरोपाचा दौरा सुरू झाला तेव्हा डेरिकला गाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. या वर्षांना ‘नंतरचा काळ’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

दौऱ्याला काही दिवस उरले असताना एलॉयही सोडून गेला. तरीही एक नवा, जॅझ शिकलेला तरुण ड्रमवर बसला आणि ठरल्या दिवशी बेलो होरिझोंतेत वादन झालं. सुरुवातीच्या दिवसांपासून बँडमध्ये असलेला एक माणूस तेव्हाही मंचावर होता, बासवादक पाउलो. माणसं येत-जात राहिली. ठेका तेवढा हातातून हातात गेला.