सोलापूरची शेंगाभाजी : पारख कशी करावी?

सिंगापूर-मलेशियात रस्त्याकडेच्या ठेल्यांवर नारळाच्या दुधातील तिखट रश्श्यात शेवया घालून जो ‘लाक्सा’ वाढतात, त्याचे कार्य समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या सोलापुरात शेंगाभाजी करते. रश्श्याला स्निग्धपणा येथे भुईमूग देतो आणि शेवयांची जागा चुरलेली कडक भाकरी घेते.

शहरातील खानावळींत व जिल्ह्यातील ढाब्यांवर ही भाजी सर्रास मिळत असली, तरी सर्रास मिळणारी प्रत्येक वस्तू उत्तम असतेच असे नाही. म्हणून तीन कसोट्या येथे नमूद करतो.

पहिली कुटाची. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साले पाखडून कुटलेले असावेत. बेसन लावून दाट केलेला रस्सा निवताच मागावरच्या खळीसारखा थिजतो.

दुसरी तेलाची. लसूण, लाल तिखट आणि काळा मसाला यांच्या फोडणीवर रस्सा पुरेसा उकळला असेल, तर कूट आपले तेल आपणच सोडते व कडेने तांबूस तवंग धरतो. केवळ वरून ओतलेल्या तर्रीवर भाळू नये.

तिसरी भाकरीची. ती ज्वारीचीच हवी, आणि मोडताना कडकन वाजली पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली भौगोलिक मानांकन लाभले आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

भाकरी एकदम न चुरता थोडथोडी चुरावी. भुईमूग ज्यांना सोसत नाही, त्यांनी मात्र या वाटेस जाऊ नये. आपल्या पाहण्यातील उत्तम ठिकाण तालुक्याच्या नावासह अवश्य कळवावे, ही विनंती.