बोलण्याची पाळी, ऐकण्याची पाळी

‘मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये,’ ही शिकवण बहुतेक घरांत मुलांना लवकर मिळते. मूल बोलत असताना मोठ्यांनी मध्ये बोलू नये, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. संभाषण ही देवघेव आहे. मुलाने इतरांना पाळी द्यावी असे वाटत असेल, तर आधी त्याची पाळी त्याला मिळायला हवी.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या परिसरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथे घरोघरी अहिराणी, गुजरी, भिली, पावरी अशा बोली नांदतात. शाळेचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. घरच्या बोलीत सुचलेले उत्तर पुस्तकी मराठीत आणायला मुलाला क्षणभर अधिक लागतो. तेवढ्यात मोठ्यांनी वाक्य पुरे केले, की त्याची पाळी हुकते. असे वारंवार घडले, तर मूल गप्प राहू लागते आणि लोक त्याला ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतात.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतील अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतके आढळले. ही चपळाई मुलांना हळूहळूच साधते. अमेरिकेत रेचेल रोमिओ व सहकाऱ्यांनी ४ ते ६ वर्षे वयाच्या ३६ मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांचा मोठ्यांशी दुतर्फा संवाद अधिक होता, त्यांच्या मेंदूतील भाषेचे केंद्र गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसले. कानांवर पडणाऱ्या एकूण शब्दांपेक्षा हा संवाद महत्त्वाचा ठरला.

या शिक्षणाला वेगळ्या साधनांची गरज नाही. भेंड्यांचा खेळ हा त्याचा उत्तम पाठ आहे: समोरच्याचे शेवटचे अक्षर ऐकल्याशिवाय आपले गाणे सुरूच होत नाही. जेवताना प्रत्येकाने दिवसातील एक गोष्ट सांगावी. पुढच्याने आधी त्या गोष्टीवर एक प्रश्न विचारावा, मग आपली सांगावी. प्रश्न विचारल्यावर मोठ्यांनी मनात पाच अंक मोजावेत. मुलाने मध्येच तोंड घातले, तर ‘दादाचे संपू दे, मग तुझी पाळी’ असे शांतपणे सांगावे आणि ती पाळी आठवणीने द्यावी. दिलेले वचन विसरले, तर मूल थांबायचे सोडते.

जैन आचारातील भाषासमिती वाणीचा विवेक शिकवते, तर अनेकांत दुसऱ्याच्या दृष्टीलाही सत्याचा अंश मानतो. तो अंश कळण्यासाठी ऐकावे लागते. घरातील सर्वांत लहान व्यक्तीचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे, ही त्याची पहिली पायरी होय.