खोऱ्यातल्या घरात गॅसची शेकोटी : आधी धुराची वाट, मग ज्योत

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरला चिल्लई कलां सुरू होते. हे चाळीस दिवस सर्वांत कडाक्याचे. त्यामागून वीस दिवसांचे चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचे चिल्लई बच्चा. म्हणजे एकूण सत्तर दिवस श्रीनगरच्या घराघरांत संध्याकाळी एकच फिकीर असते, बसायची खोली गरम कशी ठेवायची. हिवाळ्यात शालींचे गठ्ठे घेऊन आपल्या शहरांत येणाऱ्या काश्मिरी व्यापाऱ्यांशी दोन घटका बोलत बसलात, तर घरच्या जळणाच्या खर्चाची गोष्ट निघतेच. आपल्याकडून शाली, गालिचे, अक्रोडाच्या लाकडाच्या वस्तू खरीदण्यासाठी तिकडे जाणाऱ्यांनीही त्या थंडीत एखादी रात्र काढलेली असते.

तिथे नवे घर बांधताना दिवाणखान्याच्या भिंतीत गॅसची शेकोटी, म्हणजे गॅस फायरप्लेस किंवा जुन्या शब्दांत आतिशदान, बसवण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्याच्यासाठी हा लेख आहे. तितकाच तो गॅस फिटर, पत्रेकाम करणारे आणि फरशी-संगमरवराचे कारागीर यांच्यासाठीही आहे. कारण चूक दुकानात कमी आणि बसवताना जास्त होते, आणि या कामातील चूक माणसाच्या जिवावर जाते.

खोऱ्यातील जुन्या व्यवस्थेकडे आधी पाहावे. हमाममध्ये दगडी फरशीखाली लाकडे जळतात, धूर भिंतीतल्या वाटेने बाहेर जातो आणि तापलेली फरशी रात्रभर ऊब देते. बुखारी म्हणजे पत्र्याची भट्टी. तिचा पाइप खिडकीतून किंवा छतातून बाहेर काढलेला असतो. या दोन्ही साधनांत जुन्या लोकांनी धुराला वाट आधी करून दिली आणि विस्तव नंतर पेटवला. फक्त कांगडीला ही वाट नाही. म्हणूनच फेरनमध्ये धरलेली कांगडी दारे-खिडक्या बंद करून झोपायच्या खोलीत ठेवू नये, असे घरातले वडीलधारे सांगत आले.

चाकांवर ढकलत न्यायची, पोटात सिलिंडर असलेली गॅसची शेगडी आली आणि ही समज थोडी मागे पडली. गॅसचा धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. त्यामुळे गॅसला धुराड्याची जरूर नाही असा समज झाला. तो साफ चुकीचा आहे.

बंद खोलीचा हिशोब

दहा फूट बाय बारा फूट, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा असते. तीन किलोवॉटची गॅस शेगडी तासाला साधारण २४० ग्रॅम गॅस जाळते. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे साडेबारा घनमीटर हवा लागते. म्हणजे ही शेगडी तासाला तीन घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू खाऊन टाकते. खोली खरोखरच घट्ट बंद असेल, दाराखाली गोधडी सरकवली असेल आणि खिडक्यांच्या फटींत कागद कोंबला असेल, तर हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला दीड तासही लागत नाही. आत बसलेली माणसे जो श्वास घेतात तो या हिशोबात धरलेलाच नाही.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो म्हणून गळती कळते, हा वायू मात्र कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, सुस्ती येते, माणसाला वाटते उबेने झोप येत आहे. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याच्या घरात राहणारे आई-वडील आणि तीन मुले, अशी पाच माणसे गुदमरून गेली. असे घडायला गॅसच लागतो असे नाही. बंद खोली आणि जळते निखारे एवढेही पुरे होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही व्यापाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर! धुराडे नसेल तर हे पाणी खोलीतच राहते. ते थंड काचेवर, भिंतीच्या कोपऱ्यात, छताच्या लाकडात जिरते. ज्या घरात तळमजल्यावर शालींची कोठी आहे, पेपर माशेचा माल वाळत ठेवला आहे किंवा गालिच्याचा माग आहे, तिथे बुरशी कुठून आली याचा शोध मग उन्हाळ्यात सुरू होतो.

तीन प्रकार

गॅसच्या शेकोट्या तीन जातींच्या असतात. पहिली बिनधुराड्याची. विक्रेते सांगतात की हिची उष्णता जवळजवळ शंभर टक्के खोलीत राहते. ते खरे आहे, पण उष्णतेबरोबर बाकीचे सगळेही खोलीतच राहते. हिच्यात प्राणवायू कमी झाला की ज्योत विझवणारा सेन्सर असतो आणि तो उपयोगी आहे. मात्र उंचीवरच्या गावासाठी जुळवलेला नसेल तर तो विनाकारण शेकोटी विझवतो. मग कंटाळून एखादा मिस्त्री त्याला बगल देतो आणि धोक्याची सूचना देणारा तेवढा एक पहारेकरीही जातो. शिवाय त्याच खोलीत कांगडी असेल, तर तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड या सेन्सरला कळत नाही.

दुसरी जात जुन्या उघड्या चुलाणात लाकडाच्या आकाराचे ओंडके ठेवून त्यांतून गॅस पेटवण्याची. इंग्रजी धाटणीच्या जुन्या बंगल्यांत असे चुलाणे सापडतात. दिसायला सुरेख, पण बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळात जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. मेहमानांसाठी शोभा हवी असेल तर ठीक. धुराड्याची झडप मात्र कायम उघडी अडकवून टाकावी लागते.

तिसरी जात बंद काचेची, दुहेरी पाइपची. हिला बाजारात डायरेक्ट व्हेंट म्हणतात. पाइपात पाइप असतो. बाहेरच्या पाइपाने बाहेरची हवा ज्योतीकडे येते, आतल्या पाइपाने जळालेला वायू बाहेर जातो. समोर घट्ट बसवलेली काच असते. खोलीतली हवा ज्योतीला लागतच नाही आणि ज्योतीचे काही खोलीत येत नाही. फक्त ऊब येते. चांगल्या शेकोटीत जळलेल्या गॅसच्या सुमारे ७० ते ८० टक्के उष्णता खोलीला मिळते. आमच्या मते खोऱ्यातल्या घरात घ्यायची तर हीच घ्यावी, आणि एवढी ऐपत नसेल तर पाइपाची चांगली बुखारी बरी. बिनधुराड्याची शेकोटी संगमरवराच्या चौकटीत बसवली म्हणून ती सुरक्षित होत नाही.

घेताना एक गोष्ट जरूर विचारावी, वीज गेल्यावर ही चालते का? काही शेकोट्यांत एक छोटी ज्योत सतत तेवत असते आणि तिच्या उष्णतेवरच झडपेला लागणारी इवलीशी वीज तयार होते. श्रीनगरच्या हिवाळ्यात वीज जाते तेव्हा ही जात कामाला येते, फक्त पंखा फिरत नाही. पण ती छोटी ज्योत दिवसाला चारपाचशे ग्रॅम गॅस खाऊ शकते. म्हणून शेकोटी लावायची नसेल त्या दिवसांत ती बंद करून ठेवावी.

खोऱ्याची हवा वेगळी

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे. तिथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण एक षष्ठांशाने विरळ. सपाटीसाठी पाडलेल्या जेटमधून गॅस तेवढाच येतो, पण त्याच्या मानाने हवा अपुरी पडते. ज्योत लांबुळकी होते आणि काचेवर काजळी धरते. म्हणून जेट उंचीप्रमाणे बदलावा लागतो. परदेशी बनावटीची शेकोटी नळाच्या नैसर्गिक वायूसाठी असेल, तर एलपीजीसाठी तिचा जेट आणि झडपेची स्प्रिंग बदलणारा कंपनीचाच संच हवा. जेटचे भोक सुईने किंवा ड्रिलने लहान-मोठे करणारा मिस्त्री कितीही हुशार असो, त्याला हात लावू देऊ नये.

काजळीवरून आठवले. स्वयंपाकाच्या शेगडीची ज्योत निळी असावी हे सर्वांना ठाऊक आहे. शोभेच्या शेकोटीची ज्योत मुद्दाम पिवळी ठेवलेली असते, म्हणून रंगावरून निदान होत नाही. काच पाहावी. आठ-दहा दिवसांत काळी पडली तर काहीतरी बिघडले आहे.

सिलिंडरचेही थंडीशी जमत नाही. आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही वाफ होतो, पण ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेले की द्रवच राहतो. चिल्लई कलांत श्रीनगरचे रात्रीचे तापमान शून्याखाली जाते, तेव्हा सिलिंडरमध्ये गॅस असूनही ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडरखाली कांगडी ठेवणे किंवा त्यावर उकळते पाणी ओतणे हे आगीशी खेळणे आहे. उपाय असा की दोन सिलिंडर एकत्र जोडून दक्षिणेकडच्या, ऊन लागणाऱ्या भिंतीला जाळीदार कपाटात जमिनीवर उभे ठेवावेत. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळघरात किंवा जिन्याखालच्या खोलगट जागेत ते कधीही नको.

हिवाळ्यात खोऱ्यावर थंड हवेचे झाकण बसते आणि धूर वर जात नाही, खालीच पसरतो. म्हणून पाइपाचे तोंड खिडकीखाली, गल्लीच्या बोळात किंवा शेजाऱ्याच्या ओसरीकडे काढू नये. साचणाऱ्या बर्फाच्या थरापासून ते निदान एक फूट वर असावे, आणि पत्र्याच्या छपरावरून घसरणारा बर्फ जिथे पडतो ती जागा टाळावी. बर्फाने तोंड बुजले की शेकोटी गुदमरते.

बसवताना

शेकोटी बाहेरच्या भिंतीला लागून घ्यावी म्हणजे पाइप आखूड राहतो. दुहेरी पाइप कंपनीचाच घ्यावा. बुखारीचा पाइप वळवणाऱ्या पत्रेकाम कारागिराचा हात कितीही साफ असला, तरी साध्या पत्र्याचे सांधे इथे चालत नाहीत. जळालेल्या गॅसमधील ओलावा पातळ पत्रा आतून खातो आणि भोक कुठे पडले ते दिसतही नाही. त्या कारागिराचे खरे काम भिंतीत आहे. जुन्या धज्जी-देवारी भिंतीत लाकडाचा सांगाडा असतो. पाइप जिथे भिंत ओलांडतो तिथे लाकूड कापून, पुस्तिकेत दिलेले अंतर सोडून पत्र्याची चौकट बसवावी. खातमबंदच्या लाकडी छतातून पाइप नेण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

गॅसची नळी तांब्याची किंवा जीआयची असावी, भिंतीत रबरी नळी गाडू नये. बंद करण्याची चावी हाताला येईल अशी बाहेर असावी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. काडी ओढून गळती पाहणारे महाभाग आजही आहेत! शेकोटीची काच दोनशे अंशांच्या वर तापते, तेव्हा फेरनच्या लोंबत्या बाह्या आणि रांगती मुले ध्यानात घेऊन पुढे जाळी लावावी. झोपायच्या खोल्यांजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. शेकोटीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता खर्च. तीन किलोवॉट ऊब खोलीला मिळायची तर चार किलोवॉटचा गॅस जाळावा लागेल, म्हणजे तासाला सुमारे ३१० ग्रॅम. रोज सहा तास धरले तर १४.२ किलोचा सिलिंडर साडेसात दिवस पुरतो. सत्तर दिवसांना नऊ-दहा सिलिंडर, तेही स्वयंपाकाचे सोडून. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फाने बंद पडला की गॅसची टंचाई होते, म्हणून नोंदणी आधीच करावी. कारखान्यात, दुकानात किंवा हॉटेलात घरगुती सिलिंडर चालत नाही, तिथे १९ किलोचा व्यापारी सिलिंडर लागतो. घरच्या शेकोटीला कोणता चालेल हे वितरकाकडून लेखी घ्यावे. ज्या घरात हमाम आहे त्याने तो मोडू नये. शेकोटी संध्याकाळच्या बैठकीपुरती, रात्रीला हमाम.

दुरुस्ती-तपासणी ऑक्टोबरात करून घ्यावी. छोट्या ज्योतीची नळी साफ करणे, काचेची गादी पाहणे, पाइपाच्या तोंडात पाखरांनी घरटे केले असेल तर काढणे, हे दोन तासांचे काम आहे. डिसेंबरात मिस्त्री मिळत नाही आणि मिळाला तर घाईत असतो.