फायली हलल्या, तरी सी ड्राइव्ह लालच!

मागचा भाग छापून आला आणि लगोलग मुर्ध्याहून एका वाचकाचं पत्र आलं. तक्रार एकच. लेखात सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूससची, म्हणजे ऑफिसातल्या पीसींना विंडोजची अपडेट्स पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर-प्रणालीची, ‘मूव्हकंटेंट’ ही आज्ञा चालवली, लॉगफाइलमध्ये काम पार पडल्याची ओळ उमटली, अपडेटच्या फायली डी ड्राइव्हवर दिसायला लागल्या. पण सी ड्राइव्हची पट्टी होती तेवढीच लाल. ‘मग एवढा खटाटोप कशासाठी?’ असा त्यांचा शेवटचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. त्यामुळे या आठवड्यासाठी कबूल केलेला विषय, म्हणजे सस-डीबी हा डब्ल्यूससचा डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर नेण्याची सगळी कृती, पुढे ढकलावी लागते आहे. लेखमालेच्या नेहमीच्या वाचकांना याची सवय आहेच.

जागा बदलण्याचा विषय मुर्धेकरांना नवा नाही, हे जाता जाता सांगायला हवं. दहिसरहून मिरा-भाईंदरला येणाऱ्या मेट्रो-९ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यात ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ती उत्तनजवळच्या डोंगरीला नेण्याचं ठरलं आणि मग डोंगरीच्या झाडांवरून नवा वाद सुरू झाला. सर्व्हरमध्ये निदान झाडं तोडावी लागत नाहीत.

तर मूव्हकंटेंटकडे वळू. ही आज्ञा फायली उचलून नेत नाही, त्यांची नक्कल करते. जुन्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल नव्या जागी लिहिली जाते आणि फायली आता कुठे आहेत याची डब्ल्यूससच्या डेटाबेसमधली नोंद बदलली जाते. जुन्या फोल्डरला कुणी हात लावत नाही. ही काही चूक नव्हे. नवी डिस्क ऐनवेळी दगा देते, नक्कल अर्ध्यावर थांबते, कुणी चुकून फोल्डरच्या परवानग्या बदलतं. अशा वेळी जुना साठा जागेवर असलेला बरा. मात्र तो नंतर आपल्या हातानेच पुसावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचं काम राहून जातं.

पुसण्याआधी तीन ठिकाणी नजर टाकावी. रजिस्ट्रीत अपडेट सर्व्हिसेसच्या ‘सेटअप’ या कप्प्यात ‘कंटेंटडिर’ नावाची नोंद असते. तिच्यात नवा पत्ता हवा. विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये डब्ल्यूससच्या संकेतस्थळाखाली ‘कंटेंट’ ही व्हर्च्युअल डिरेक्टरी असते. तिचा पत्ताही नवाच हवा. हे दोन्ही जमलं की ऑफिसातल्या एखाद्या पीसीवर एक अपडेट उतरवून पाहावं. ते उतरलं, तर जुन्या फोल्डरचं फक्त नाव बदलावं आणि थोडे दिवस थांबावं. कुणाची ओरड आली नाही की खुशाल उडवावं. ज्यांच्या सी ड्राइव्हवर इतके दिवस थांबायचीही सोय नाही, त्यांनी जुना साठा बाहेरच्या डिस्कवर टाकावा.

उडवायचा तो ‘डब्ल्यूसस-कंटेंट’ हा आतला फोल्डर. त्याच्या वरचा सगळा ‘डब्ल्यूसस’ फोल्डर नव्हे! जुन्या ३.० आवृत्तीच्या काळात बसवलेल्या कितीतरी सर्व्हरवर डेटाबेसच्या फायली त्याच फोल्डरच्या पोटात, शेजारच्या कप्प्यात असतात.

हा कंटेंट फोल्डर एकदा उघडून पाहण्यासारखा आहे. आत दोन-दोन अक्षरांच्या नावांचे उपफोल्डर असतात, शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त २५६. त्यांच्यात लांबलचक अंक-अक्षरांच्या नावाच्या फायली. फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात, तोच तिचं नाव होतो, आणि त्या ठशाची शेवटची दोन अक्षरं ठरवतात की ती कोणत्या उपफोल्डरात जाणार. त्यामुळे ‘ही विंडोज ७ची जुनी फाइल दिसते, काढून टाकू’ असं नजरेने ठरवता येत नाही. कुठली फाइल कुणाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. ग्रंथालयात पुस्तकांवर नावंच नसावीत आणि सगळी भिस्त नोंदवहीवर असावी, तसा हा कारभार आहे. इथे हाताने पुसापुशी केली, तर नंतर ‘डब्ल्यूसस-यूटिल रिसेट’ चालवून प्रत्येक नोंदीची फाइल जागेवर आहे का हे तपासत बसावं लागतं, आणि ज्या गहाळ असतील त्या पुन्हा इंटरनेटवरून उतरतात.

मुर्ध्याच्या वाचकाचा अर्धा प्रश्न इथे सुटला. उरलेला अर्धा त्यांनी सोबत जोडलेल्या चित्रात होता. त्यात ‘आयनेटपब’ नावाचा फोल्डर चांगलाच फुगलेला दिसतो. डब्ल्यूसस आयआयएसवर चालतो, आणि आयआयएस येणाऱ्या प्रत्येक विनंतीची एक ओळ याच फोल्डरातल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. ऑफिसातला प्रत्येक पीसी, वेगळं काही ठरवलं नसेल तर, साधारण २२ तासांनी ‘नवीन काही आहे का?’ असं विचारायला येतो आणि एका खेपेत अनेक विनंत्या करतो. लॉगची रोज नवी फाइल तयार होते. जुन्या फायली आपणहून जात नाहीत. वर्षानुवर्षं साचत राहतात. कुणी चौकशी लावलेली नसेल, तर महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचे लॉग बिनधास्त काढावेत. सी ड्राइव्हवर जागा करण्याचा याहून बिनधोक उपाय नाही, आणि नेमका तोच कुणाला सुचत नाही.

त्याच चित्रात ‘विन-एसएक्सएस’ फोल्डरही मोठा दिसतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथल्या पुष्कळ फायली म्हणजे विंडोजच्या चालू फायलींचंच दुसरं नाव असतं. डिस्कवर जागा एकदाच खर्च होते, पण एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. खरा आकडा हवा असेल, तर विंडोजच्या ‘डिझम’ या आज्ञेला कंपोनंट स्टोअरचं, म्हणजे याच फोल्डरचं, विश्लेषण करायला सांगावं. हाताने तिथली एकही फाइल काढू नये.

आता या लेखकाचा आवडता विषय. फायली हलवण्याची चर्चा जो तो करतो. त्या फायली मुळात हव्यात का, हे विचारायला कुणाला फुरसत नसते.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट्स देतं. ऑक्टोबर २००३पासूनचा हा शिरस्ता आहे. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. विंडोज १० आल्यापासून, म्हणजे २०१५पासून, महिन्याचं मुख्य अपडेट एकत्रित असतं, म्हणजे आधीच्या महिन्यांचा मालही त्यातच असतो. विंडोज ७ आणि ८.१लाही ऑक्टोबर २०१६पासून हीच पद्धत लागू झाली. साहजिकच नवं अपडेट आलं की आधीचं कालबाह्य होतं. पण ते सर्व्हरवरून जात नाही. वर्षभर कुणी लक्ष दिलं नाही, तर एकाच विंडोजची बारा महिन्यांची बारा गाठोडी डिस्कवर असतात आणि कामाचं त्यातलं शेवटचं एकच.

‘डब्ल्यूससचा क्लीनअप विझार्ड चालवला की झालं’ असं यावर ऐकू येतं. होत नाही. कालबाह्य अपडेट नाकारण्यासाठी विझार्डच्या अटी आहेत : ते गेले ३० दिवस मंजूर केलेलं नसावं, कुठल्याही पीसीला त्याची गरज नसावी आणि त्याच्या जागी आलेलं नवं अपडेट मंजूर झालेलं असावं. बहुतेक ऑफिसांत अपडेट येताक्षणी मंजूर करण्याचा नियम लावून ठेवलेला असतो. म्हणजे जुनी सगळी गाठोडी ‘मंजूर’ याच शिक्क्याने पडून राहतात, आणि विझार्ड त्यांना शिवत नाही. म्हणून कन्सोलमध्ये ‘सुपरसीडन्स’चा स्तंभ दिसू द्यावा, ज्यांची जागा दुसऱ्या अपडेटने घेतली आहे ती निवडावीत, नवीन सगळीकडे बसलं आहे याची खात्री करावी आणि जुन्यांना हातानेच ‘डिक्लाइन’ करावं. त्यानंतर विझार्डला नको असलेल्या फायली काढायला सांगितलं की मग कुठे डिस्क मोकळी होते. नुसतं डिक्लाइन केल्याने फाइल जात नाही.

ड्रायव्हर आणि नको असलेल्या भाषा यांवर मागे लिहून झालं आहे. ‘एक्स्प्रेस’ फायलींचा पर्याय मात्र तेव्हा राहिला. त्याने पीसीवर उतरणारा माल हलका होतो, पण सर्व्हरवरचा साठा काही पटींनी वाढतो. छोट्या ऑफिसात, एकाच मजल्यावरच्या नेटवर्कमध्ये, तो बंदच ठेवावा.

मग आधी साफसफाई की आधी स्थलांतर? पुस्तकी उत्तर ‘आधी साफसफाई’ असं आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. नको असलेल्या फायलींची नक्कल करण्यात रात्र कोण घालवेल? पण सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल आणि डेटाबेसही तिथेच असेल, तर हे उत्तर उलटतं. डेटाबेसमधून ओळी काढतानाही आधी त्याची नोंद लॉगमध्ये लिहावी लागते. हजारो जुनी अपडेट्स काढायला घेतली की लॉगची फाइल फुगते. जागा नसली की विझार्ड मध्येच मान टाकतो आणि कन्सोलवर ‘रिसेट सर्व्हर नोड’चं बटण येतं. ते बटण दाबत बसल्याने काही होत नाही. अशा वेळी आधी आयआयएसचे लॉग काढावेत, मग कंटेंट डी ड्राइव्हवर न्यावा, जुनी नक्कल पुसावी आणि मोकळ्या झालेल्या जागेत साफसफाई करावी.

साफसफाईनंतर सस-डीबीची फाइल लहान दिसेल, ही आशाही सोडावी. आतल्या ओळी गेल्या तरी फाइल डिस्कवर तेवढीच राहते; मोकळी झालेली जागा ती पुढच्या ओळींसाठी राखून ठेवते. विडवर, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत डेटाबेसवर, आकाराची मर्यादा नाही. एसक्यूएल एक्स्प्रेसच्या २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांना १० जीबीची आहे. म्हणून एक्स्प्रेसवाले वेळीच जागे होतात आणि विडवाले सी ड्राइव्ह भरेपर्यंत निवांत असतात. विंडोज सर्व्हर २०१२पासून विडच्या फायली विंडोज फोल्डरच्या आतच जातात. बसवताना विड निवडलं तर आपल्याला कुणी जागा विचारतही नाही.

एक सी ड्राइव्ह भरला, तर एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. सी भरला की डेटाबेस लिहायचा थांबतो, तो थांबला की नवी अपडेट्स येत नाहीत, आणि पीसी मात्र आपल्याला सगळं मिळालं आहे अशा समजुतीत राहतात. अपडेट हुकण्याची किंमत काय, ते पाहा : १४ मार्च २०१७ला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगच्या सेवेतलं एक भगदाड बुजवलं. १२ मेला वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो ज्यांनी तो पॅच लावला नव्हता त्यांच्यावर. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणांसोबत न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क समूहातली कंपनी चालवत असलेलं टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनरची कामं खोळंबली. तिथला सर्व्हर भरला होता, असं अर्थातच म्हणायचं नाही. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे एकट्या पॅचने तो अडला नसता. आणि त्याने पहिला शिरकाव केला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच.

खुद्द डब्ल्यूससही यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यातच गंभीर भगदाड सापडलं आणि मायक्रोसॉफ्टला पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची वाट न पाहता, महिनाअखेरीआधीच आणीबाणीचं अपडेट काढावं लागलं. ज्यांच्या सर्व्हरची ८५३० आणि ८५३१ ही पोर्टं बाहेरच्या इंटरनेटला उघडी आहेत, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती बंद करावीत. सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूससमध्ये आता नवीन काही भर घालणार नसल्याचं जाहीर केलं. तरी तो विंडोज सर्व्हर २०२५मध्ये आहे, चालतो आहे आणि छोट्या ऑफिसांना परवडणारा दुसरा पर्याय अजून तरी सहजी दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात डब्ल्यूससची सेवा थांबवून सस-डीबीच्या दोन्ही फायली सोडवायच्या, हलवायच्या आणि परत जोडायच्या. परवानगीचा एक धडा त्यात आहे : विडच्या सेवेच्या खात्याला नव्या फोल्डरवर हक्क दिला नाही, तर डेटाबेस जोडलाच जात नाही, नाहीतर फक्त वाचण्यापुरता जोडला जातो. तोवर सस-डीबीचा एक बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवावा. आणि ज्यांना पत्र लिहायचं आहे, त्यांनी लाल पट्टीचं चित्र पाठवू नये; कोणता फोल्डर किती मोठा, तेवढं लिहून पाठवावं.